उतरणीपासून आखलेला बेत

जपानला जाण्यास निघालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो फुजी पर्वताचा. "फुजीवर जाणार ना?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिनदर्शिकेवरचे ते बर्फाच्छादित शिखर असते. त्याची उंची ३,७७६ मीटर आहे, चढण्याचा हंगाम जुलैपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंतच असतो आणि तरुण माणसेदेखील वाटेतल्या विश्रांतिगृहात रात्र काढून तो चढतात, हे त्याच्या गावीही नसते. शाळेच्या दुसऱ्या मजल्यापलीकडे चढण्याचा सराव नसलेल्या आमच्यासारख्या मुख्याध्यापकाने डिसेंबर महिन्यात फुजीवर चढण्याचे नाव काढू नये, हेच शहाणपणाचे. फुजी चढावयाचा नाही, दुसऱ्या एखाद्या सोप्या डोंगरावर चढून तो पाहावयाचा, असा तोडगा आम्ही काढला. ज्या डोंगराची त्यासाठी निवड केली, त्याची ही हकीकत. आपल्या मंडळींपैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे आता तिकडे नोकरीस असतात आणि वडीलधाऱ्यांस बोलावून घेतात. अशांच्या ती उपयोगी पडावी.

डोंगराचे नाव ताकाओ. टोकियो महानगराच्या पश्चिम सीमेवर, हाचिओजी शहराच्या हद्दीत तो उभा आहे. उंची अवघी ५९९ मीटर, म्हणजे सहाशेस एक कमी. तेथील लोक त्यास 'ताकाओ-सान' म्हणतात. जपानी माणसे परस्परांच्या नावापुढे आदरार्थी 'सान' लावतात हे आम्हांस ठाऊक होते, त्यामुळे डोंगरालाही 'ताकाओराव' म्हणणारे हे लोक किती सुसंस्कृत, असा विचार कोणाच्याही मनात येईल. परंतु येथील 'सान' निराळा. त्याचा अर्थ पर्वत एवढाच आहे. लिहिताना दोन्ही शब्द वेगळे लिहितात. तरी आदराचा भाव लोकांच्या वागण्यात आहेच. इ. स. ७४४ मध्ये सम्राट शोमू याच्या आज्ञेवरून ग्योकी नामक भिक्षूने येथे याकुओ-इन हे मंदिर स्थापिले, अशी परंपरा सांगतात. तेव्हापासून हा डोंगर उपासकांचा आहे. १९६७ साली, मेइजी कालखंडाच्या शताब्दीच्या निमित्ताने, त्याचा परिसर उपराष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. एवढ्याशा डोंगरावर सुमारे १,६०० जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. पुढे मिशेलिन या फ्रेंच प्रवासमार्गदर्शिकेने त्याला तीन तारे दिले आणि गर्दीला पारावार उरला नाही.

आमच्या मंडळींत आम्ही, सौ., आमची थोरली बहीण अक्का आणि तिचा चिरंजीव, म्हणजे आमचा भाचा, असे चौघे होतो. भाचा टोकियोच्या पूर्व भागात, निशिकासाई येथे राहतो. तेथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. अक्काचे वय एकाहत्तर. उजवा गुडघा झिजलेला, आणि फेब्रुवारीत इंदुरास त्याची शस्त्रक्रिया ठरलेली. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितले होते की हळूहळू चढण्यास हरकत नाही, उतरणे मात्र टाळावे. अक्काने त्यातले पहिले अर्धे वाक्य नीट लक्षात ठेवले. "यंत्राचा गुडघा बसवण्याआधी देवाने दिलेल्या गुडघ्यावर एक डोंगर चढीन," असे ती विमानतळापासून म्हणत होती. आगगाडीच्या खिडकीतून फुजी दाखवतो, असे भाचा म्हणाला, तेव्हा तिने उत्तर दिले, "खिडकीतून दिसणारा आणि भिंतीवरच्या चित्रातला, फरक काय?" यावर कोणास बोलता आले नाही. तेव्हा बेत आखावयाचा होता तो या गुडघ्याचा.

अशा सहलीचा बेत बहुतेक लोक सकाळपासून आखतात. किती वाजता उठावयाचे, कोणती गाडी, न्याहारी कोठे, आणि दुपारनंतरचे पुढे पाहू. आमच्या मते हे उलटे आहे. नवख्या माणसाने डोंगराचा बेत संध्याकाळपासून मागे मागे आखावा. टोकियोत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. इंदुरास त्या वेळी शाळेच्या मैदानावर भरपूर ऊन असते, त्यामुळे आपल्या अंगवळणी पडलेले घड्याळ तेथे फसवते. शिवाय ताकाओवर उंच देवदारासारख्या सुगी वृक्षांची दाटी आहे, त्यांच्या सावलीत अंधार त्याहूनही आधी उतरतो. म्हणून आम्ही कागदावर सर्वांत खाली 'साडेतीन : पायथ्याशी' असे लिहिले. त्यावर 'अडीच : केबल कारच्या वरच्या स्थानकावर'. त्यावर 'एक : परत फिरणे'. हा एकचा आकडा आम्ही लाल शाईने लिहिला. एक वाजता आपण शिखरावर असू अथवा वाटेत असू, फुजी दिसलेला असो वा नसो, त्या क्षणी तोंड फिरवावयाचे. ही अट अक्काकडून घरीच कबूल करून घेतली, कारण डोंगरावर गेल्यावर माणूस कोणाचे ऐकत नाही.

दुसरा प्रश्न चढण्या-उतरण्याच्या साधनाचा. ताकाओच्या अर्ध्या उंचीपलीकडे नेणारी केबल कार आहे. आपल्या देवासच्या टेकडीवरच्या दोरवाटेसारखी ती हवेत लोंबकळत नाही. रुळांवरचा डबा जाड पोलादी दोराने ओढून घेतात. १९२७ साली ती सुरू झाली. सुमारे एक किलोमीटरच्या मार्गात ती २७० मीटर उंच चढते, आणि वरच्या टोकाजवळ तिचा चढ ३१ अंश १८ मिनिटे इतका तीव्र होतो. जपानातील अशा रेल्वेमार्गांत इतका चढ दुसरीकडे नाही. प्रवास सहा मिनिटांचा. शेजारीच दोघांना बसण्याच्या उघड्या खुर्च्यांची दोरवाटही आहे. सर्वसाधारण प्रवासी या साधनांनी वर जातो आणि पायी खाली येतो, कारण चढणे कष्टाचे आणि उतरणे सोपे अशी आपली समजूत. फुप्फुसांपुरती ती खरी आहे. गुडघ्यांची गोष्ट निराळी. उतरताना प्रत्येक पावलागणिक अंगाचा भार गुडघ्यावर आदळतो, आणि दमलेले मांडीचे स्नायू तो पेलण्यास कमी पडू लागले की पाय लटपटतो. सोप्या डोंगरांवर माणसे घसरून पडतात ती बहुधा उतारावर आणि दिवसाच्या उत्तरार्धात. म्हणून आम्ही उलटा क्रम ठरविला. चढावयाचे पायी, उतरावयाचे केबल कारने. डॉक्टरांचे संपूर्ण वाक्य पाळले गेले आणि अक्काचा हट्टही राहिला.

आता वाटा. पायथ्यापासून शिखरापर्यंत जाणाऱ्या तीन प्रमुख वाटा आहेत. पहिल्या क्रमांकाची वाट ३.८ किलोमीटरची, मंदिरातून जाणारी, बरीचशी फरसबंद. नकाशावर तिला चढावयास सुमारे शंभर मिनिटे दिलेली असतात. सहाव्या क्रमांकाची वाट ३.३ किलोमीटरची. ती ओढ्याच्या काठाने, बिवा नावाच्या धबधब्याजवळून जाते, आणि अखेरीस तर चक्क ओढ्याच्या पात्रातल्या दगडांवरून पावले टाकीत जावे लागते. या धबधब्याखाली उभे राहून आजही साधक जपतप करतात. तिसरी इनारियामाची, एका कण्यावरून जाणारी, मातीची आणि मोकळी. सहावी वाट सर्वांत रमणीय, असे भाच्याचे मत. तरुण वाचकांनी तीच धरावी. परंतु ओली मुळे आणि निसरडे दगड हे झिजलेल्या गुडघ्याचे शत्रू आहेत. चौघांत जो सर्वांत हळू चालणारा, त्याच्या पायांनी वाट निवडावयाची, असे ठरल्यावर पहिल्या वाटेवाचून पर्याय नव्हता. नकाशावरची मिनिटे आम्ही दुप्पट धरली आणि वर अर्धा तास मंदिरासाठी दिला.

वार मंगळवार घेतला. पानगळीच्या रंगांच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून, रविवारी येथे केबल कारपुढे तासाहून मोठी रांग लागू शकते. परतीसाठी तिच्यावरच भिस्त ठेवलेल्या माणसाला ते परवडणारे नाही.

पोशाखावरून मात्र वादंग झाले. अक्का पातळाखेरीज काही नेसत नाही. भाच्याने विजारीचा आग्रह धरला. तिने तो फेटाळला. अखेर सौ.ने तोड काढली. आत लोकरी तुमान, वर पाचवारी जरा आखूड नेसलेली, पदर कमरेला खोचलेला, त्यावर भाच्याचा जाड कोट, आणि पायांत घोटा धरून ठेवणारे रबरी तळव्याचे बूट. हे बूट आम्ही आठ दिवस आधी घेतले आणि अक्काला रोज ते घालून नदीकाठी चालावयास लावले. नवे बूट थेट डोंगरावर नेणे म्हणजे पायाला फोड मागून घेणे. चढताना घाम येतो आणि थांबले की थंडी वाजते, म्हणून एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ कपडे घेणे बरे. हातात दोन काठ्या.

शिदोरी घरची घेतली. डोंगरावर सोबा नावाच्या कुट्टूच्या शेवयांची दुकाने आहेत. किसलेल्या कंदाचा बुळबुळीत लगदा घालून केलेला 'तोरोरो सोबा' हे येथील प्रसिद्ध खाद्य. परंतु त्याच्या रश्शात सुकविलेल्या माशाचा अर्क असतो, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे; वर तरंगणारी भाजी पाहून फसू नये. आम्ही दशम्या, तिळाची चटणी, संत्री आणि थर्मासभर चहा नेला. डोंगरावर कचरापेटी नाही, संत्र्याची साल पिशवीत घालून घरी आणावी लागते. सौ.ने त्यासाठी एक जुनी दुधाची पिशवी इंदुराहून नेली होती, तिचा असा गौरव झाला.

निशिकासाईहून पहाटे सहाला निघालो. शिंजुकु या अवाढव्य स्थानकातून केइओ कंपनीची गाडी मिळते, तिला पाऊण ते एक तास लागतो. येथे एक सूचना. उतरावयाचे ते ताकाओसानगुची या शेवटच्या स्थानकावर. 'गुची' म्हणजे तोंड, डोंगराचा दरवाजा म्हणा. त्याच्या अलीकडचे स्थानक नुसते 'ताकाओ' आहे. तेथे उतरलेला माणूस डोंगर शोधीत बसतो.

सव्वाआठला चढू लागलो. पहिल्या वाटेचा पहिला टप्पाच कसोटीचा आहे, हे कोणी सांगत नाही. 'सोपी, फरसबंद' असे ऐकून आलेल्या माणसासमोर सुगी वृक्षांतून वळणे घेत वर जाणारा खडा रस्ता उभा राहतो. अक्काने पहिल्या दहा मिनिटांतच बोलणे थांबविले. भाच्याने तिला रीत सांगितली की, "आई, चालताना बोलता आले पाहिजे, इतकेच हळू चाल." मग ती रामरक्षा म्हणत चालू लागली, श्लोक तुटला की थांबे. आम्हांला ही मोजपट्टी कोणत्याही घड्याळाहून बरी वाटली. वाटेत कोम्पिरादाई नावाचे विसाव्याचे ठिकाण लागते. कोम्पिरा ही नाविकांची रक्षक देवता, आणि हे नाव आपल्या संस्कृत 'कुंभीर' शब्दापासून, म्हणजे मगरीपासून, आलेले आहे. गंगेतली मगर जपानच्या डोंगरावर येऊन बसली, आणि आम्ही तिच्या शेजारी बसून संत्रे सोलले.

कासुमिदाई या सपाटीवर पोहोचण्यास दहा वाजून गेले. केबल कारचे वरचे स्थानक येथून जवळच असल्यामुळे गर्दी एकाएकी वाढते. पाटीचे दप्तर घेतलेली बालके, कडेवरची पोरे, उंच टाचांच्या चपलांतील एक नववधू. पायी आलेल्यांकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते, तरी अक्का कठड्याशी जरा ताठ उभी राहिली. खाली टोकियोचे पठार धुरकट पसरलेले दिसत होते.

येथून पुढची वाट खरोखर सुखाची आहे. 'आठपायी' सुगी नावाचा एक वृक्ष लागतो. त्याची मुळे ऑक्टोपसच्या पायांसारखी गुंडाळलेली आहेत. मुळे यात्रेकरूंच्या वाटेत येतात म्हणून झाड तोडण्याचे ठरले, तेव्हा त्याने एका रात्रीत पाय पोटाशी घेतले, अशी कथा सांगतात. पुढे वाट दुभंगते. उजवी-डावी न म्हणता या वाटांना 'पुरुषांची चढण' आणि 'बायकांची चढण' अशी नावे आहेत. पहिलीला सरळ १०८ पायऱ्या, मनुष्याच्या १०८ क्लेशांच्या. दुसरी वळसा घेऊन संथ चढते. सौ. पुरुषांच्या चढणीने पायऱ्या मोजीत गेली. आम्ही अक्काला सोबत या सबबीवर दुसरीने गेलो. वाटेच्या कडेने दगडी खांबांत बसविलेली लहान चाके आहेत. ती फिरवीत गेले की डोळे, कान, नाक, जीभ, काया आणि मन ही सहाही इंद्रिये शुद्ध होतात अशी श्रद्धा. अक्काने एकही चाक सोडले नाही. त्यात आठ-दहा मिनिटे गेली, पण ती बेतात धरलेली होती.

याकुओ-इन मंदिरात आम्हांस वेळ पुरला नाही. मूळ दैवत याकुशी, म्हणजे भैषज्यगुरू बुद्ध. परंतु चौदाव्या शतकापासून येथे प्रधान उपासना आहे ती इझुना गोंगेन या देवतेची. या एका मूर्तीत पाच देवता एकवटल्या आहेत असे मानतात : अचल, गरुड, डाकिनी, गणपती आणि सरस्वती. गरुडाची चोच आणि पंख, हातात खड्ग. लांब नाकाचे आणि कावळ्याच्या चोचीचे 'तेंगू' हे या देवाचे गण जागोजाग उभे आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा आत ढोल वाजत होता आणि पुजारी अग्नीत समिधा टाकीत मंत्र म्हणत होते. या विधीला ते 'गोमा' म्हणतात. भाच्याने तो शब्द सांगताच अक्का म्हणाली, "होमच की!" आणि तो होमच आहे, शब्दही तोच, चीनमार्गे तेथे गेलेला. धातूच्या घंटेचा नाद आणि धूर यांत ती हात जोडून उभी राहिली. एम. ए.ला भाषाशास्त्राच्या तासाला शब्दांचे स्थलांतर आम्ही घोकले होते, परंतु जळत्या लाकडाच्या वासासकट ते प्रथमच भेटले.

मंदिरातून शिखराकडे जाताना पुन्हा पायऱ्या आहेत, आणि त्या खड्या आहेत. बारा वाजून वीस मिनिटे झाली तेव्हा त्या संपल्या. पुढची सपाट वाट ओलांडून शिखरावर आलो तेव्हा बारा-चाळीस. विस्तीर्ण मोकळे पटांगण, माहितीकेंद्र, उपाहारगृहे, चटया पसरून बसलेली शेकडो माणसे. नैर्ऋत्येच्या कठड्याशी सगळे एकाच दिशेला पाहत होते. तिकडे तांझावाच्या डोंगररांगा निळ्या दिसत होत्या आणि त्यांवर पांढुरक्या ढगांचा पट्टा होता. फुजी नव्हता.

अक्का काही बोलली नाही. तिने त्या रांगांवरून नजर डावीकडून उजवीकडे आणि परत फिरविली. शेजारी उभ्या असलेल्या एका जपानी वृद्धाने तिच्या पातळाकडे, मग तिच्या काठ्यांकडे पाहिले, आणि हात उचलून बोट दाखविले. रांगांकडे नव्हे, ढगांच्या पट्ट्याच्याही वर. तेथे आकाशातच, ज्याला आम्ही इतका वेळ ढगाचा तुकडा समजत होतो, ते पांढरे टोक होते. बुडखा नाही, उतार नाही, नुसते शिखर. नवखी माणसे फुजीला फार खाली शोधतात. आसपासच्या डोंगरांच्या मापाने नजर लावली तर तो सापडत नाही. "इतका वर?" एवढेच अक्का म्हणाली, आणि त्या वृद्धाला तिने वाकून नमस्कार केला. त्याने त्याहून अधिक वाकून तो परत केला.

एकला पाच मिनिटे कमी असताना ढग हलू लागले. तासाभरात पर्वत पूर्ण उघडा होईल, असे भाच्याला कोणी सांगितले. कठड्याशी छायाचित्रकार तिपाया मांडून सूर्यास्ताची वाट पाहत बसले होते. उत्तरायणाच्या आसपास काही दिवस येथून सूर्य नेमका फुजीच्या माथ्यावर मावळताना दिसतो; त्याला 'हिऱ्याचा फुजी' म्हणतात आणि त्यासाठी दूरदूरचे लोक येतात. पण तो पाहणाऱ्याला अंधारात उतरावे लागते, कपाळाला दिवा बांधून. नवख्याने त्या भरीस पडू नये. भाचा घड्याळाकडे आणि मग आमच्याकडे पाहू लागला. "मामा, अर्धा तास थांबू या का? आईसाठी." आम्ही उत्तर देण्याआधीच अक्काने काठ्या उचलल्या. "लाल शाईने लिहिलेय ना," ती म्हणाली.

शिखरापासून पश्चिमेकडे एक पायवाट जाते. ती तोकाई निसर्गमार्गाची सुरुवात. ओसाकाजवळच्या मिनोओपर्यंत १,६९७ किलोमीटर. तिच्यावरून येणाऱ्या चालणाऱ्यांच्या पाठपिशव्यांना अस्वलांना चाहूल लागावी म्हणून घंटा बांधलेल्या असतात. त्यांचा आवाज मागे ऐकू येत राहिला आणि आम्ही मंदिराच्या पायऱ्यांशी आलो. चढताना न जाणवलेला प्रत्येक दगड आता अक्काला जाणवत होता. बरा पाय वर ठेवून दुखरा आधी खाली, दोन्ही काठ्या पुढे, भाचा एक पायरी खाली, असे उतरलो. चढावयास वीस मिनिटे लागलेला तो टप्पा उतरावयास पस्तीस लागली. तीच चाल पायथ्यापर्यंत ठेवली असती तर अंधाराने आम्हांस सुगींच्या रानातच गाठले असते.

केबल कारच्या स्थानकावर आलो तेव्हा तीनला दहा कमी होती. बेताहून वीस मिनिटे उशीर. रांगेत पंधरा-वीस माणसे. वाट पाहताना तेथे तांदळाचे गोळे निखाऱ्यावर भाजून, गोड मिसो लावून विकतात ते घेतले. डबा निघाला आणि पुढचा रूळ एकदम पायांखाली नाहीसा झाल्यासारखा वाटला, तेव्हा सौ.ने आमची बाही धरली. अक्का खिडकीतून, सकाळी जेथे ती श्लोक तुटून थांबली होती ती झाडी, शोधीत होती.

स्थानकाशेजारी उष्णोदकाचे सार्वजनिक स्नानगृह आहे. डोंगर उतरलेल्यांसाठी ते उत्तम. तेथे स्त्रियांची व पुरुषांची सोय निराळी असली तरी वस्त्र ठेवून उतरावयाचे असते, हे ऐकून अक्काने बाहेरच्या बाकावर चहा पिणे पसंत केले. थर्मासमध्ये अजून दोन कप उरला होता. चारच्या गाडीत बसलो तेव्हा फलाटावर, कपाळाला दिवे बांधलेली पाच-सहा तरुण मुले डोंगराकडे निघाली होती.